सेवा चालते, अधिकार का नको? : विवाह, मंडळी आणि बायबलच्या वाचनाचा आढावा

धर्माचा निवाडा हवा असेल तर पैठण गाठावे, असा एक काळ होता. संन्याशाची मुले म्हणून वाळीत पडलेली विठ्ठलपंतांची चार लेकरे शुद्धिपत्रासाठी इथल्या ब्रह्मसभेपुढे उभी राहिली, ही कथा मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. त्या चौघांत मुक्ताबाई ही एक मुलगी होती. तिच्या बाजूने किंवा विरुद्ध पोथी उघडणारे हात मात्र सगळे पुरुषांचे. शास्त्र कोणाविषयी बोलते आणि ते वाचून अर्थ कोण सांगते, हे दोन प्रश्न या गावाने फार पूर्वी एकत्र पाहिले आहेत.

गेल्या पावणेदोनशे वर्षांत गोदावरीच्या याच पट्ट्यात आणखी एक शास्त्र रुजले. नदीपलीकडे शेवगाव-नेवाशाच्या बाजूला अमेरिकन मराठी मिशन आले, औरंगाबादेत अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी आली, जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवले, वैजापूरकडे घोगरगावात कॅथोलिक मिशन उभे राहिले. औरंगाबादचा कॅथोलिक धर्मप्रांत १९७७ साली वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याच्याही आत. समाज लहान आहे, पण त्याच्यापुढचा एक प्रश्न जगभरच्या ख्रिस्ती मंडळींना विभागणारा आहे. पत्नीने पतीच्या अधीन राहावे का, आणि स्त्रीने मंडळीत शिकवावे, पाळक व्हावे, बिशप व्हावे का?

या प्रश्नावर परदेशात ग्रंथांचे ढीग आहेत. मराठी मुलखाने त्यात घातलेली भर मात्र फारशी कोणी एकत्र मांडत नाही. ती मांडली की वादातली काही नेहमीची विधाने तपासून घ्यावी लागतात.

वचने कोणती?

वाद ज्यांच्याभोवती फिरतो ती वचने दहाबारा आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात नर आणि नारी दोघेही देवाच्या प्रतिरूपाचे निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात आधी आदाम येतो आणि मग त्याच्या फासळीतून त्याला साजेशी साहाय्यक. तिसऱ्या अध्यायात पाप घडल्यानंतर पती पत्नीवर सत्ता चालवील असे सांगितले जाते. ही सत्ता देवाची मूळ योजना की पापाचा परिणाम, इथूनच दोन वाटा फुटतात.

नव्या करारात पौलाची पत्रे महत्त्वाची. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो स्त्रीला प्रार्थना करताना व संदेश देताना मस्तक झाकायला सांगतो. म्हणजे ती सभेत बोलते, हे त्याने गृहीत धरले आहे. त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात मात्र स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असे वाक्य येते. तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय आणखी स्पष्ट आहे. स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, कारण आदाम आधी घडवला गेला. इफिसकरांच्या पत्राचा पाचवा अध्याय पत्नीला पतीच्या अधीन राहायला सांगतो आणि पतीला मंडळीचे मस्तक असलेल्या ख्रिस्ताची उपमा देतो. कलस्सैकरांच्या आणि पेत्राच्या पत्रांतही हाच सूर आहे.

दुसरी बाजूही बायबलमध्येच आहे. गलतीकरांच्या पत्रात ख्रिस्तामध्ये स्त्री-पुरुष हा भेद उरत नाही, असे पौल म्हणतो. रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो, प्रिस्किल्लेला आपली सहकारी म्हणतो आणि युनियाचे नाव प्रेषितांच्या संदर्भात घेतो. प्रेषितांच्या कृत्यांत ही प्रिस्किल्ला नवऱ्याबरोबर बसून अपुल्लो या विद्वान वक्त्याची समजूत दुरुस्त करते. जुन्या करारात दबोरा इस्राएलाचा न्याय करते. हुल्देची गोष्ट तर आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे. योशिया राजाच्या काळात मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो, आणि त्याविषयी देवाचा कौल घ्यायला खुद्द मुख्य याजक या बाईच्या दारी जातो. पुनरुत्थित येशूचा पहिला निरोप शिष्यांकडे नेते तीही मग्दालीया मरीया.

तीन वाचने

या सामग्रीचे आज ढोबळमानाने तीन अर्थ लावले जातात.

पहिल्या वाचनानुसार स्त्री-पुरुष देवापुढे समान मोलाचे आहेत, पण त्यांना दिलेली कामे वेगळी आहेत. घराचे मस्तक पती, मंडळीचे पाळकपद पुरुषाकडे. १९८७ साली अमेरिकेत डॅनव्हर्स जाहीरनाम्याने ही भूमिका सूत्रबद्ध केली, आणि तिथल्या सदर्न बॅप्टिस्टांनी २००० साली पाळकपद पुरुषांपुरते असल्याचे आपल्या श्रद्धाविधानात लिहिले. या बाजूचा युक्तिवाद हलक्याने घेण्यासारखा नाही. तीमथ्याच्या पत्रात पौल इफिस शहरातल्या एखाद्या चालीचा दाखला देत नाही, तो थेट सृष्टीच्या क्रमाकडे बोट दाखवतो. तेव्हा ही आज्ञा त्या काळापुरती होती असे म्हणणाऱ्याला उत्तर द्यावेच लागते. शिवाय हे वाचन प्रामाणिकपणे पाळले तर त्याचा मोठा भार पतीवर पडतो. इफिसकरांच्या त्या उताऱ्यात पत्नीसाठी तीन वचने आहेत आणि पतीसाठी जवळजवळ त्याच्या तिप्पट. ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला तशी प्रीती कर, असे त्याला बजावले आहे.

दुसऱ्या वाचनात समतेचे वचन हा पाया मानतात आणि बंधनाची वचने प्रसंगाची समजतात. इफिसमध्ये खोटे शिक्षण पसरले होते, शिकण्याची संधी न मिळालेल्या बायका त्याला बळी पडत होत्या, म्हणून पौलाने तिथे लगाम घातला, असे हा पक्ष म्हणतो. ज्या पौलाने फिबीच्या हाती सेवा सोपवली आणि प्रिस्किल्लेला सहकारी मानले, त्याने सगळ्या स्त्रियांचे तोंड कायमचे बंद केले असेल हे त्यांना पटत नाही. पतीच्या अधीन राहण्याच्या वाक्याआधी एकमेकांच्या अधीन राहा असे वाक्य आहे, यावर त्यांचा भर असतो. एलिझाबेथ श्युस्लर फिओरेंझा यांच्या १९८३ च्या ग्रंथाने आरंभीच्या मंडळीतल्या स्त्रियांचा इतिहास या दिशेने पुन्हा मांडला.

तिसरे वाचन कॅथोलिक. विवाहात ते दुसऱ्या वाचनाच्या बरेच जवळ आले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ साली ही अधीनता परस्परांची असल्याचे लिहिले, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली त्या उताऱ्यावरचे जुन्या काळाचे सांस्कृतिक कवच बाजूला करायला सांगितले. गुरुदीक्षेच्या बाबतीत मात्र दार बंद आहे. येशूने बारा प्रेषित पुरुषच निवडले आणि मंडळीने ती परंपरा अखंड पाळली, त्यामुळे ती बदलण्याचा अधिकारच आम्हाला नाही, असे रोमने १९७६ साली आणि पुन्हा १९९४ साली निक्षून सांगितले.

तिन्ही वाचनांना एक प्रश्न विचारायला हवा : तुम्ही एका पानावरचे सगळे पाळता का? तीमथ्याच्या ज्या परिच्छेदात स्त्रीने शिकवू नये असे आहे, त्याच्या थोडे वर सोने, मोती आणि केसांचे गुंफण यांनी तिने सजू नये असेही आहे. आपल्याकडच्या ख्रिस्ती लग्नात सोन्याच्या मंगळसूत्रात क्रूस ओवतात आणि नवरीच्या वेणीत गजरा माळतात. त्याला कोणी पाळक हरकत घेत नाही, घेऊही नये. पदराचेही तसेच. खेड्यातल्या मंडळीत बाया उपासनेला डोक्यावर पदर घेतात, पुरुष एका बाजूला आणि त्या दुसऱ्या बाजूला बसतात. कीर्तनालाही मराठी गावात हेच होते. ही चाल पौलाची की गावाची, हे सांगणे अवघड आहे. शहरात पदर गेला तरी उपासना अडली नाही. इफिसकरांच्या पत्रात पतिपत्नींच्या उपदेशाला लागूनच गुलामांनी धन्याची आज्ञा पाळावी असे आहे, आणि आज ते कोणीही कायमची आज्ञा म्हणून शिकवत नाही. दागिना, पदर आणि गुलामी यांबाबत आपण संदर्भ पाहतो. स्त्रीच्या अधिकाराशी आलो की अक्षराला धरून बसतो.

बिशपांना मिळालेले उत्तर

मराठी मुलखात या वादाची सुरुवात ग्रंथातून झाली नाही, ती कामाच्या गरजेतून झाली. १८२७ साली सिंथिया फरार ही अविवाहित अमेरिकन बाई मुंबईत मुलींच्या शाळांसाठी आली आणि पुढे अहमदनगरला आयुष्यभर शिकवत राहिली. सावित्रीबाई फुले यांच्या शिक्षिका-प्रशिक्षणाशी तिचे नाव जोडले जाते. उंबऱ्याआडच्या बायकांपर्यंत पुरुष प्रचारक पोचू शकत नव्हता, म्हणून मिशनांनी बायबलबाई तयार केल्या. त्या गावोगाव फिरत, वाचून दाखवत, अर्थ सांगत. त्याला कोणी उपदेश म्हणत नसे, पण ते उपदेशाचेच काम होते. श्रोत्यांत बाया असतील तोवर हरकत नाही, असा अलिखित नियम होता.

तो नियम उघड्यावर आणला पंडिता रमाबाईंनी. संस्कृत विद्वत्तेबद्दल कलकत्त्यात पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळवलेल्या रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. तिथल्या भगिनींचे पतित स्त्रियांसाठीचे काम पाहून आणि शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेला संवाद ऐकून आपले मन वळले, असे त्यांनी पुढे लिहिले. १८८४ ते १८८६ या काळात त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. हिंदुस्थानात जाणाऱ्या तरुण पुरुषांना त्यांनी देशी भाषा शिकवाव्यात, असा विचार तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मांडला. त्यावर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांचे मत मागवले गेले. दोघांनीही नकार दिला. स्त्रीने पुरुषांना शिकवले तर तिच्या देशबांधवांच्या नजरेत तिची किंमत उतरेल, असे त्यांचे म्हणणे होते.

रमाबाईंचे उत्तर त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. आपल्या आईने आणि आपण तरुण पुरुषांना शिकवले, त्याला वडिलांनी हरकत घेतली नाही की पतीने नाही, मग ही मंडळी आता का घेतात, याचे त्यांना नवल वाटले. ते खरेच होते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून उडुपीच्या धर्मसभेपुढे त्यांची झडती झाली होती, आणि शास्त्राच्याच आधाराने त्यांनी आपली बाजू राखली होती. पैठणला काय किंवा उडुपीला काय, शास्त्रार्थाची लढाई कशी लढायची ते त्या घराला ठाऊक होते.

स्त्रीच्या समान अधिकाराची कल्पना पाश्चात्त्य आहे आणि आपल्या संस्कृतीला ती मानवत नाही, असे आजही मंडळ्यांतून ऐकू येते. या पत्रव्यवहारात चित्र उलटे दिसते. आपल्या संस्कृतीचा हवाला देऊन बाईला मागे सारणारे दोघेही इंग्रज होते, आणि त्या संस्कृतीत वाढलेली बाई त्यांना सांगत होती की आमच्या घरी असे नव्हते. डोंगऱ्यांचे घर अपवाद होते, हे खरे. पण संस्कृतीच्या नावाने बोलण्याचा हक्क बिशपांना कोणी दिला होता?

रमाबाईंचे दुसरे उत्तर कृतीत आहे. १८९६ च्या दुष्काळानंतर केडगावला त्यांचे मुक्ती मिशन वाढले. १९०५ साली तिथे जागृतीची लाट आली तेव्हा तरुण बायकांची पथके गावोगाव जाऊन प्रार्थना करीत, साक्ष देत, शिकवीत. कुठल्याही धर्मप्रांताची परवानगी त्यासाठी लागली नाही. याच काळात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, आणि १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून हे भाषांतर बाहेर पडले. छपाईचे कामही तिथल्या बायकांनी केले. अर्थ सांगण्याचा अधिकार मागत न बसता त्यांनी अख्खा ग्रंथच नव्याने हाती घेतला.

जवळजवळ त्याच काळात कॅथरीन बुशनेल ही अमेरिकन डॉक्टर त्याच वाटेने निघाली होती. १८९१-९२ मध्ये तिने उत्तर हिंदुस्थानातील छावण्यांत गोऱ्या शिपायांसाठी सरकारी आशीर्वादाने चालणाऱ्या कुंटणखान्यांची माहिती काढली. ख्रिस्ती म्हणवणारे राज्यकर्ते हे कसे चालवून घेतात, या प्रश्नाने तिला मूळ भाषांतील बायबलकडे नेले, आणि स्त्रीविषयीच्या वचनांची तिने केलेली चिकित्सा आजही समतावादी अभ्यासकांच्या वाचनात आहे. म्हणजे या विचाराला हिंदुस्थानच्या अनुभवाचे खतपाणी आहे.

घरातले वचन, कोर्टातले वचन

विवाहाच्या बाबतीत मराठी ख्रिस्ती स्त्रीचा सगळ्यात सच्चा दस्तऐवज म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई माहेरच्यांकडे राहिल्या, काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या, तरी सोवळे आणि वेगळी चूल सांभाळून. त्यांनी १९०० साली स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. पती मस्तक आहे म्हणून पत्नीने मागे जावे, या न्यायाने तो १८९५ सालीच व्हायला हवा होता. टिळकांनी सक्ती केली नाही आणि बाईंनी घाई केली नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात श्रद्धा न ठेवणारा जोडीदार नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नये, असे पौल म्हणतो. टिळकांचे घर त्या वचनाचे जिवंत भाष्य आहे.

याच अध्यायाने कायद्यातही जागा मिळवली. धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने नांदायला नकार दिला तर विवाह मोडता येईल, असा कायदा १८६६ साली झाला. त्यानंतर १८६९ चा घटस्फोट कायदा आणि १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आला. घटस्फोट कायद्याचे दहावे कलम सरळ पक्षपाती होते. पतीला पत्नीचा व्यभिचार एवढेच कारण पुरे, पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता, परित्याग किंवा तसलेच आणखी काही सिद्ध करावे लागे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने घटस्फोटाविषयी दिलेला इशारा बायको टाकणाऱ्या पुरुषांना आहे. त्याच्या नावाने चालणाऱ्या कायद्यात सूट पुरुषाला मिळाली. हा भेद इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्यातून आला होता. इंग्लंडने तो १९२३ साली काढून टाकला, आपल्याकडे तो २००१ पर्यंत टिकला. त्याआधी १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हे कलम घटनेतील समतेच्या कसोटीला लावले आणि केवळ क्रूरता किंवा परित्याग या कारणावरही पत्नीला घटस्फोट मागता येईल असा निकाल दिला. २००१ च्या दुरुस्तीने पती-पत्नीची कारणे समान केली.

यात मंडळ्यांना अभिमान वाटावा असे फार थोडे आहे. ख्रिस्ती महिला संघटना आणि काही चर्चनेत्यांनी दुरुस्तीसाठी बरीच वर्षे पाठपुरावा केला, हे नोंदवले पाहिजे. पण निर्णायक धक्का व्यासपीठावरून आला नाही, तो कोर्टातून आला. आजही मार खाणारी बाई पाळकांकडे आली की तिला पेत्राच्या पत्रातले सोशिकपणाचे वचन ऐकवून घरी पाठवले जाते, अशा तक्रारी कानावर येतात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, हे तिला त्याच बैठकीत सांगितले जायला हवे. पतीच्या मस्तकपणावर विश्वास असलेल्या पाळकानेही हे सांगावे, कारण इफिसकरांच्या पत्रात मारणाऱ्या पतीला कुठेही जागा नाही.

हे दुखणे एका धर्माचे नाही. वेरूळजवळच्या देवगावात १६२८ साली जन्मलेल्या संत बहिणाबाईंनी पतिव्रताधर्म आणि विठ्ठलभक्ती यांची ओढाताण आत्मचरित्रपर अभंगांतून मांडली. भक्ती करते म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला आणि तरी त्याची सेवा सोडली नाही. त्यांचे हे अभंग इंग्रजीत नेले ते अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी, १९२९ साली. पैठणच्या एकनाथांचे चरित्रही त्यांनीच त्याआधी भाषांतरित केले होते.

आज कोण कुठे आहे?

मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मीत, हा वाद जन्मतःच निकालात निघाला. तिच्या सहसंस्थापक कॅथरीन बूथ यांनी स्त्रियांच्या उपदेशाचे समर्थन करणारी पुस्तिका १८५९ सालीच लिहिली होती. १८८२ मध्ये फौज मुंबईत उतरली आणि अहमदनगर भागात तिने मूळ धरले. नगरच्या तिच्या रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे त्या इव्हँजेलिन बूथ १९३४ साली साऱ्या फौजेच्या प्रमुख झाल्या. मेथडिस्टांनी १९५६ साली अमेरिकेतील परिषदेत स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण हक्क दिले.

उत्तर भारताचे चर्च २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन स्थापन झाले. त्यात स्त्रियांना दीक्षेचा मार्ग खुला आहे, आणि ओडिशातील फुलबनी धर्मप्रांताला स्त्री बिशप लाभली आहे. दक्षिण भारताच्या चर्चमध्ये १९७६ पासून स्त्रिया दीक्षित होत आहेत, आणि ई. पुष्पललिता २०१३ साली नंद्यालच्या बिशप झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा आफ्रिकेतील अनेक अँग्लिकन प्रांतांनी उघड नाराजी दाखवली. वाद संपलेला नाही, हे त्यावरून कळते.

१९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला हललेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थांत मुली ईश्वरविज्ञान शिकतात. शिकून बाहेर पडल्यावर त्यांना मंडळी देताना मात्र हात आखडतो. बालशाळा, महिला मंडळ, वसतिगृह ही कामे सहज मिळतात. ट्रस्ट, मालमत्ता आणि पाळकांच्या नेमणुका यांचे निर्णय जिथे होतात त्या खुर्च्या पुरुषांच्याच राहतात.

कॅथोलिक मंडळीत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक या पदांवर स्त्रियांची रीतसर नेमणूक करण्याची मुभा दिली, आणि २०२३ च्या सिनॉडमध्ये (धर्मसभेत) स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केले. भारतीय बिशप परिषदेने २०१० सालीच स्त्री-पुरुष समतेचे धोरण जाहीर केले होते. ते धोरण कागदावर चांगले आहे. मराठवाड्यातल्या किंवा वसईतल्या शाळा आणि दवाखाने चालवणाऱ्या व्रतस्थ भगिनींना धर्मप्रांताच्या निर्णयांत किती वाटा मिळतो, यावर त्याची परीक्षा होईल.

गेल्या काही दशकांत वाढलेल्या स्वतंत्र पेंटेकॉस्टल मंडळ्यांत चित्र दुहेरी आहे. आत्मा पुत्रांवर आणि कन्यांवर ओतला जाईल, या योएलाच्या भविष्यवाणीवर त्यांचा भर असल्याने प्रार्थना, आरोग्यासाठी हात ठेवणे, साक्ष यांत बाया पुढे असतात. अनेक ठिकाणी पाळकांच्या पत्नीच मंडळी उभी करतात. घराविषयीचा उपदेश मात्र तिथेच सर्वांत कडक असतो.

निवाडा

सगळे समोर ठेवले की एक गोष्ट ठळक दिसते. मराठी मंडळ्यांनी स्त्रीला काम देताना वचने आड येऊ दिली नाहीत. शाळा, दुष्काळ, प्लेग, दवाखाना, घरोघरचे वाचन, ग्रंथाचे भाषांतर, सगळे तिच्याकडून करून घेतले. वचने आठवली ती अधिकाराची वेळ आली तेव्हा. हा बायबलचा अर्थ म्हणता येणार नाही, ही सोय आहे. पहिले वाचन ज्यांना मनापासून पटते त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण त्यांनीही ते पूर्ण पाळावे. मग स्त्री पुरुषांना भाषांतरातूनही शिकवणार नाही, आणि पती स्वतःचा प्राण देण्याइतका झिजेल. इतके कोणी करत नाही. म्हणून मला दुसरे वाचन अधिक प्रामाणिक वाटते. फिबी, प्रिस्किल्ला आणि हुल्दा यांना ते तळटीपेत ढकलत नाही, आणि बंधनाची वचनेही लपवत नाही, त्यांना त्यांच्या गावात नेऊन वाचते.

पैठण तालुक्यातल्या लहानशा मंडळीलाही हे करायला सिनॉडच्या ठरावाची वाट पाहावी लागणार नाही. लग्नात इफिसकरांचा उतारा वाचाल तर एकमेकांच्या अधीन राहण्याच्या वाक्यापासून वाचा आणि नवरदेवाचा भाग गाळू नका. वर्षातून एकदा महिला रविवारी व्यासपीठ देऊन समाधान मानू नका, महिन्यातून एकदा द्या. हिशेबाच्या आणि मालमत्तेच्या समितीत निम्म्या बाया घ्या. आणि घरात मार खाणारी बहीण दारात आली तर आधी तिला सुरक्षित जागी पोचवा, वचन नंतर काढा.